शेवटचं टर्मिनल

ओमप्रकाश सेठजींच्या ट्रान्सपोर्टमध्ये सत्याऐंशी साली युनिक्सचं कॉम्प्युटर मशीन आलं आणि थोड्याच दिवसांत रुपरावजींचा डावा कान गेला. सेठजींच्या हाताने गेला.

मशीनला टर्मिनल चार, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड घेऊन बसायच्या चार जागा. मेमरी भरली की उरलेलं काम ते डिस्कवरच्या राखीव जागेत ठेवायचं. तिला स्वॅप म्हणतात. बसवणाऱ्या इंजिनिअरने ती एवढीशी ठेवली होती. तीही भरली की शेवटी सुरू होणारं काम बंद पडायचं. कारकून रुपरावजी कुहीहून एसटीने यायचे, म्हणून शेवटी बसायचे. रोज त्यांचंच टर्मिनल अडायचं. आणि आमच्याकडे कायदा एकच, ज्याच्या हातात बिघडलं त्यानेच बिघडवलं. सेठजी येऊन मानगूट धरायचे आणि कानाखाली काढायचे.

मी, प्रेमलता, तिथली ऑपरेटर. सांगून सांगून थकले. "सेठजी, स्वॅपची जागा वाढवा लागते. डिस्क खाली करून पुन्हा भरू. एक दिवस मशीन बंद ठेवा लागन."

"एक दिवस? सारे ट्रक उभे करू का वं? याचेच हात खराब आहे."

वाईट म्हणजे रुपरावजींनाही ते पटलेलं. "माह्याच हातात गुण नाही, बाई," म्हणायचे. माझं डोकं फिरायचं. भांडंच लहान, तर ओतणाऱ्याला कशाला बडवता?

एके दिवशी मी रुपरावजींचं काम सकाळी स्वतःच सुरू करून ठेवलं. शेवटी बसला सेठजींचा मुलगा शरच्चंद्र. त्याचं टर्मिनल अडलं. सेठजी धावत आले, मानगूट धरली, हात उगारला आणि चेहरा पाहिला. हात खाली आला.

"जाऊ दे बेटा. मशीनच गरम झाली असन."

रुपरावजी बघत होते. "मंग मले काहून मारलं, सेठजी?"

सेठजी हसले.

रुपरावजींनी बुडाखालचा लोखंडी स्टूल उचलला. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. दात फरशीवर सांडले. शरच्चंद्र मध्ये पडला, त्याचं मनगट मोडलं. "मले काहून? मले काहून?" म्हणत रुपरावजी हाणतच राहिले. मला ओरडायला हवं होतं. मला बरं वाटत होतं.

सेठजी दवाखान्यात गेले, रुपरावजींना पोलिसांनी नेलं. मशीन त्या दिवशी बंदच होतं. रक्त पुसून मी डिस्कवरचा सगळा माल टेपवर उतरवला, डिस्कची जागा नव्याने वाटून दिली, स्वॅप दुप्पट केली.

चारही टर्मिनल एकदम चालली. चौथ्यावर बसायला माणूस नव्हता.