स्पॅममध्ये पडलेलं शेवटचं पत्र

मी एक पत्र. ना पाकीट, ना तिकीट. मी ई-मेलनं जातो. माझा जन्म दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सच्या, सगळ्यांच्या सिस्टरांच्या, जेवणाच्या टेबलावर झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांना घरी सांभाळणाऱ्या दोनशे बारा जणांना त्या दर पंधरवड्याला पत्र लिहीत.

पूर्वी ढिगानं उत्तरं यायची. मग त्यांनी या गटासाठी ई-मेलचा स्वतंत्र पत्ता घेतला आणि उत्तरं आटली. सहा पत्रांना मिळून उत्तर एकच, तेही ‘माझं नाव काढा’. लोकांना आता आपली गरज नाही, असं सिस्टरांच्या मनानं घेतलं. मी सातवा. माझ्यात त्यांनी अंघोळीला घाबरणाऱ्या माणसाला कसं न्हाऊ घालावं ते लिहिलं आणि खाली जोडलं, ‘हे माझं शेवटचं पत्र.’

मी दोनशे बारा दारांशी पोचलो. एक प्रत सिस्टरांकडेच राहिली, म्हणून मला दोन्हीकडचं सांगता येतं.

त्यातलं एक दार निवृत्त बसचालकाचं. तिथल्या, नको ते मेल अडवणाऱ्या गाळणीनं विचारलं, पाठवणारा कोण? नाव गटाचं होतं, पण मला आणणारं यंत्र गटानंच नेमलंय याची नोंद कुठेच नव्हती. हल्ली कुणीही कुणाचंही नाव लावून पत्रं धाडतो. गाळणीला तरी काय बोल लावायचा? टक्कल घालवणाऱ्या नि बक्षिसं वाटणाऱ्या पत्रांसोबत तिनं मला स्पॅममध्ये, म्हणजे नकोशा मेलांच्या अडगळीत ढकललं. तिथलं सगळं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

चालकाच्या खिशातल्या फोनमधून मला घरातलं ऐकू यायचं. त्यांच्या पत्नीनं नऊ दिवस अंगाला पाणी लागू दिलं नव्हतं. एका सकाळी ते जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले आणि मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. हवं ते माझ्यात लिहिलेलं होतं, पण मला तोंड कुठे होतं!

अठ्ठाविसाव्या दिवशी चालकांना डॉक्टरांच्या भेटीची वेळ कळवणारा मेल सापडेना. दवाखान्यातल्या बाईंनी स्पॅममध्ये बघायला सांगितलं. तिथे त्यांना मी दिसलो. त्यांनी मला दोनदा वाचलं आणि सिस्टरांना फोन लावला.

“सिस्टर, पत्रं बंद नका करू.”

“भाऊ, मला वाटलं, तुम्हीच वाचायचं सोडलंत.”

“मला वाटलं, तुम्ही आम्हाला विसरलात. घरात एक जण विसरतंय, तेवढं पुरे आहे हो.”

फोन ठेवल्यावर सिस्टरांनी सुनेला हाक मारली.

त्यांची सून एका कचेरीत संगणकांचं काम बघते. ती शेजारी येऊन बसली. “आई, पत्रात खोट नाही. ओळख पटत नाही, एवढंच.” आपल्या नावानं पत्रं कोण पाठवतं, त्याची नोंद तिनं पत्त्याच्या दप्तरी, म्हणजे गाळण्या जिथे तपासतात तिथे, घातली. प्रत्येक पत्रावर खूण उमटेल अशी सोय केली, आणि या दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर पत्राचं काय करायचं तेही लिहिलं. बंद पडलेले पत्ते काढले. पत्राखाली ‘नाव काढा’ असं बटण ठेवलं, तेव्हा सिस्टर हिरमुसल्या. सून म्हणाली, जायची वाट सापडली नाही की माणसं आपल्यालाच स्पॅम ठरवतात.

मग सिस्टरांनी यादीतल्या एकेकाला फोन केला: स्पॅममध्ये बघा, ‘स्पॅम नाही’ म्हणा. त्यात तीन दिवस गेले. निम्म्या घरांत मी तोवर पुसला गेलो होतो. एक बाई म्हणाली, आई गेली माझी, आता उपयोग नाही; पण पत्र पाठवत राहा, मी वाचेन.

चालकांनी मात्र मला वाचूनच टॉवेल कोमट पाण्यात भिजवला. “आता हात पुसतो हं,” असं आधी सांगितलं. बायकोनं एक हात पुढे केला. थोड्या वेळानं दुसऱ्या हाताची बाही तिनं आपणच वर सारली.

हल्ली मी इनबॉक्समध्ये असतो. तुम्हाला एकच सांगणं: आठवड्यातून एकदा त्या अडगळीत डोकावत जा. तिथे सगळेच लबाड नसतात.

चला, थांबतो. चालकांनी फोन हातात घेतलाय. आज बायकोचे केस धुवायचेत, आणि त्याबद्दल मी काय म्हटलंय ते त्यांना पुन्हा बघायचंय.