शुक्रवारपर्यंत पाणी नको

मी सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांना "लाइनीत या, दम धरा" म्हणते, आणि स्वतःला मात्र कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत धीर निघत नाही. हा माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे जे केलं त्याचं कुणाला नवल वाटायला नको.

आमचे हे, म्हणजे अश्वजित, काचकामाचे कारागीर. कारंजा गावात इंद्रभानभाऊंच्या भागीदारीत दुकान, सरकत्या खिडक्यांची कामं. आठ महिन्यांपूर्वी एक मोठी काच हातातून सटकली आणि उजव्या मनगटाची शीर कापली गेली. अकोल्याला ऑपरेशन झालं. हात वाचला, पण दोन बोटं वळेनात. तेव्हापासून हे घरी. टीव्ही लावायचे आणि बघायचे नाहीत.

अकोल्याला व्यायामासाठी जायचो, तिथे बाकासमोर एक फिशटँक होता. सगळे पेशंट मासे बघायचे, आमचे हे टाकीचे कोपरे बघायचे. एक दिवस म्हणाले, "सिलिकॉन कसं फासलं पाह्य. पोरानं नाक पुसल्यावानी. याहून चांगली मी घरी बनवतो."

"मंग तयार घेऊ ना एखादी," मी लगेच म्हणाले. "मोबाईलवर पाह्यली म्या. लाइटासकट येते, घरपोच."

"तयार कायले? म्या काय मेलो?"

मला टाकीशी काही घेणंदेणं नव्हतं, मासेही मला फक्त ताटातले आवडतात. पण ह्यांच्या हातात पुन्हा काच, हे मला बघवणार नव्हतं. त्या दिवशी दुकानाच्या फरशीवरचं रक्त मीच पुसलं होतं. म्हणून मी रोज मोबाईलवर एक नवी टाकी काढून दाखवायची. गोल घ्या, चौकोनी घ्या, झाकणाची घ्या. हे बघायचेसुद्धा नाहीत.

शेवटी एका बुधवारी त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "आयक. टाकी टिकली तं पुढच्या शनिवारपासून दुकानात जातो. नाई टिकली तं माह्यं काच कापाचं टेबल इंद्रभान देऊन टाकन कोनाले. मंग काचेचं नाव काढनार नाई."

म्हणजे पोरखेळ नव्हता तो. माणसानं आपलं पुढचं आयुष्य चार काचांवर ठेवलं होतं.

गुरुवारी इंद्रभानभाऊंनी काचा आणून टाकल्या. तळाची मापात कापूनच आणली होती, बाकीच्या ह्यांनी कापल्या. मी स्वयंपाकघरात उभी, पाठ करून. काचेवर कापायचा हिरा ओढल्याचा करकर आवाज आला की माझे खांदे कानापर्यंत जायचे. एकही काच फुटली नाही. मात्र जोडायला घेतल्या आणि ह्यांनी मापपट्टी पुन्हा लावून पाहिली. चारही कोपऱ्यांत फट!

खिडकीची काच नेहमी मापापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी कापतात. तरच ती चौकटीत बसते. वीस वर्षांची सवय. टाकीला चौकट नसते, हे डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. बाजूच्या दोन्ही काचा एकेक सूत कमी.

"बोटं नाई चुकले," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "सवय चुकली."

"दुसऱ्या कापा मंग. नाईतर सोडा ना आता."

"फट भरून घेतो. सिलिकॉन जाड बसन, त्याचं काई नाई. पन जाड थर आतून सुकाले टाइम घेते. पुढच्या शुक्रवारपर्यंत पानी टाकाचं नाई. हातबी लावाचा नाई."

घरभर लोणच्यासारखा आंबट वास सुटला. टाकी चिकटपट्ट्या लावून टीपॉयवर बसली आणि माझी झोप उडाली. शुक्रवारी सकाळी दवाखान्यात निघण्यापूर्वी नखानं कडा दाबून पाहिली, मऊ. संध्याकाळी चप्पल न काढता पाहिली, जरा घट्ट. शनिवारी तीन चुकीची नावं केसपेपरवर लिहिली. खिडकीत चंदाबाई शेजारी बसतात, त्या म्हणाल्या, "बाई, तुले ताप तं नाई?" ताप नव्हता. टिकेल की फुटेल, एवढंच डोक्यात गरगरत होतं. आणि खरं सांगू, टिकली तर हे पुन्हा त्या दुकानात जातील, याचीच भीती जास्त होती.

रविवारी सकाळी हे विहारात वंदनेला गेले. मी केर काढला, भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. मग बादली भरली.

दोन बादल्यांत टाकी अर्धी झाली. मी समोर मांडी घालून बसले, घड्याळाकडे बघत. पाच मिनिटं. दहा. टाकी जागची हलली नाही. मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट वाटलं, की काय ते कळेना. पंधरा मिनिटं झाली असतील. उजव्या कोपऱ्यात एक थेंब फुगला, पट्टी सुटली आणि समोरची काच सगळ्या पाण्यासकट माझ्या मांडीवर आली. फरशीवर आपटून तिचे तीन तुकडे झाले.

मी वेड्यासारखी पुसत सुटले. हे आले तेव्हा फरशी कोरडी होती. साडीसुद्धा बदलली होती.

"पुसाले गेली म्या, तं सुटली," मी म्हणाले. "नुसता हात लागला."

ह्यांनी खाली बसून कोपरा पाहिला. तुकडे पाहिले. मग उजवा हात खिशात घातला आणि नेहमीच्याच आवाजात, चहा सांगावा तसा, फोन लावला. "इंद्रभान, त्या मंगरूळच्या पोराले टेबल पाह्यजे होतं ना? उद्या ने म्हना त्याले."

मला हेच तर हवं होतं ना? त्या दिवशी ह्यांनी टीव्हीसुद्धा लावला नाही.

सोमवारी दवाखान्यात ही गर्दी. "नाव?" विचारते आणि उत्तर ऐकूच येत नाही. साडेअकराला मी उठले. "चंदाबाई, जरा बसा खिडकीत." लाइनीतल्या लोकांनी आरडाओरडा केला. चपला हातात घ्यायच्या तेवढ्या राहिल्या होत्या, अशी मी बाजारातून धावले.

दुकानात टेबलावरचं जुनं कांबळं काढून इंद्रभानभाऊ घडी घालत होते. टेबल द्यायला आलेले हे स्टुलावर बसले होते.

"पानी म्या टाकलं," मी दारातूनच म्हणाले. "काल. अर्धी टाकी भरली. तुमचं काम नाई सुटलं, म्या सोडवलं."

इंद्रभानभाऊ घडी हातात घेऊन तसेच राहिले. "वहिनी, कायले?"

हे उठले. आता ओरडतील, असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती टाइम थांबलं पानी?"

"पंधरा मिनिट."

"तिसऱ्या दिवशी? कच्च्या सिलिकॉनवर?" हे इंद्रभानभाऊंकडे वळले. "आयकलं का? पंधरा मिनिट!" आठ महिन्यांत ऐकला नव्हता तो आवाज. मग तो आवाज खाली आला. "पौर्णिमा, फुटावं वाटे ना तुले?"

खोटं बोलायला एक क्षण पुरला असता. "व्हय," मी म्हणाले. "फुटली तं तुमी काचेजवळ जानार नाई. मले भेव वाटते, अवो. लय भेव वाटते."

रस्त्यावरून एक एसटी गेली, दुकानातल्या सगळ्या काचा थरथरल्या. ह्यांनी इंद्रभानभाऊंच्या हातातलं कांबळं घेतलं, टेबलावर पसरलं, डाव्या हातानं सुरकुत्या काढल्या.

"त्या पोराले येऊ नको म्हना," ते म्हणाले. भिंतीला टेकलेल्या काचांतून एक माणसाएवढी काच त्यांनी पुढे ओढली आणि मला हाक मारली. "तिकून धर."

"म्या?"

"धर. हलू नको."

मी धरली. गार, जड, कडेला धारदार. दोघांनी ती कांबळ्यावर आडवी केली. ह्यांनी हिरा उजव्या हातात घेतला. ती दोन बोटं वळलीच नाहीत, ताठ बाजूला राहिली. बाकीच्या तीन बोटांत त्यांनी तो आवळला आणि मापपट्टीला लावला. मी डोळे घट्ट मिटले.

"डोये उघड," हे म्हणाले. "पाह्य माह्या हाताकडं."

मी पाहिलं.