दोन तास पुढे

डब्याचं झाकण खट्कन बसलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. कोपऱ्यात पेंगणारी पोर, चिमणी, टुणकन उठली. "निघायचं?"

"निघायचंच," आई म्हणाली.

बंदर परदेशी कंपनीने भाड्याने घेतल्यापासून तिथे त्यांच्या देशाचं घड्याळ चाले, आपल्यापेक्षा दोन तास पुढे. तिचा नवरा तिथे क्रेन चालवायचा, राहायचाही कंपनीच्याच खोलीत. आज मधल्या सुट्टीनंतर तो परस्पर विमानतळावर जाणार होता. तीन वर्षांसाठी, त्यांच्या देशातल्या बंदरावर. सुट्टी त्यांच्या एकला, म्हणजे आपल्या अकराला. त्यातली दहा मिनिटं फाटकाशी भेटायला त्याने मिनतवारी करून मागून घेतली होती.

सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या दारातूनच म्हणाल्या, "आमची न्याहारी आटपत नाही तोवर माझा लेक तिकडे दुपारचं जेवतो. देवालासुद्धा एवढी घाई नसते गं!" आणि पाठ फिरवून त्यांनी नाक पुसलं.

वाटभर ती मनाशी ठरवत होती. बोलायचं काही नाही, रडायचं तर मुळीच नाही. नुसतं डोळे भरून बघून घ्यायचं, तीन वर्षं पुरेल इतकं.

पावणेअकराला ती फाटकाशी पोचलीसुद्धा. तिला बघून म्हातारा पहारेकरी खुर्चीतून उठला.

"पोरी, आत्ता येतेस?"

"अजून पाव तास आहे की, काका."

"कसला पाव तास! त्यांच्याकडे उन्हाळा लागला म्हणून रात्री घड्याळं तासभर पुढे ढकलली. सुट्टी आपल्या दहालाच झाली. त्यालाही कामावर गेल्यावरच कळलं, आणि मोबाइल तर पाळी संपेपर्यंत आत ऑफिसात जमा. या गजाला धरून उभा होता बघ. विमानतळाच्या गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, तेव्हा कुठे हलला."

हसावं की रडावं, तिला कळेना. तिने गजावर हात ठेवला. गज उन्हाने तापला होता. त्यात त्याच्या हाताची ऊब कुठली नि उन्हाची कुठली, आता कशी निवडायची?

आत त्याची क्रेन फिरत होती. वर दुसराच कुणी बसला होता.

चिमणीने तिचं बोट ओढलं. "आई, बंदर आपल्याच गावात आहे ना? मग इथे त्यांचे का वाजतात?"