भिंगरीचे पंख

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. आज मात्र मी छत्री राहिलेली नाही, कारण मला मधोमध कापून माझे दोन पंख केले आहेत.

एका कारखान्यात माझ्या काड्या वाकवल्या, त्यांवर कापड ताणून बसवले आणि मला एका केशकर्तनकाराने विकत घेतले. पाऊस असला की मी त्याच्याबरोबर दुकानात जाई आणि कोपऱ्यातल्या बादलीत ठिबकत उभी राही. "छत्री मोठी दणकट हो तुमची!" असे गिऱ्हाईक म्हणाले की मी मनातून फुलून जाई. पुढे एकदा सोसाट्याच्या वाऱ्यात मी उलटी झाले आणि माझी एक काडी मोडली. मग मी कपाटावर जाऊन पडले, ती धूळ खात पडलेच.

त्याच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. उडत्या ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या मुलांच्या गोष्टीचे भाग तिने इतके वाचले होते की पुस्तकांच्या शिवणी उसवल्या होत्या. नवा भाग वाचनालयात यायचा होता आणि त्या दिवशी मुलांनी आवडत्या पात्राच्या वेशात यायचे होते. भिंगरीने मला खाली ओढले.

"बाबा, ही कापू?"

"काप. बोटं तेवढी सांभाळ."

तिने माझ्या काड्या वाकवल्या, कापड हिरवे रंगवले. एक दोरी ओढली की दोन्ही पंख उघडले पाहिजेत, यासाठी ती गाठ मारी, सोडी, चिडे, पुन्हा मारी. अखेर पंख फडफडून उघडले, तेव्हा ती घरभर नाचली. पावसात उभे राहूनही मला कधी एवढा मान मिळाला नव्हता.

वाचनालयात मात्र सगळीकडे दुकानातून आणलेले चकचकीत पोशाख होते.

"अय्या, ही तर छत्री! काड्या बघा कशा दिसतायत!" एक मुलगी ओरडली आणि हशा पिकला. त्या काड्या कुठे लपवू, असे मला झाले. भिंगरीचे कान लाल झाले.

"मी नाही केले," ती पुटपुटली. "बाबांनी केलेत. मला नकोच होते." तिने पंख काढून बाबांच्या हातात कोंबले.

दुकान बंद ठेवून तिच्यासाठी आलेल्या बाबांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. "हो, मीच केले," ते म्हणाले. "हौस आपली!"

तेवढ्यात ग्रंथपालबाई आल्या. "किती छान! उघडतात कसे, दाखवता का?"

बाबांनी मला खांद्यांवर चढवले आणि दोरी ओढली. एक पंख कानाशी अडकला, दुसरा गळ्याभोवती गुंडाळला. "काका, उडा ना!" कोणीतरी ओरडले. सगळे पोट धरून हसले. बाबाही हसले, पण त्यांची बोटे गाठीत गोंधळली होती. माणसाच्या गळ्याशी वस्तरा धरणारी ती बोटे मी कधी चुकताना पाहिली नव्हती.

भिंगरी पुस्तकांच्या मांडणीआडून हे पाहत होती. ती पुढे आली.

"हसू नका त्यांना," तिचा आवाज फाटला. "मी केलेत पंख. मी खोटं बोलले."

तिने मान खाली घालूनच गाठ सोडवली, पंख स्वतःला बांधले आणि दोरी ओढली. मी पूर्ण उघडले. टाळ्या वाजल्या नाहीत. "ही गाठ कशी मारलीस गं?" एवढेच बाईंनी विचारले. ती सांगू लागली, तशी चारदोन मुले जवळ सरकली. त्यांत ती ओरडणारी मुलगीही होती. पण भिंगरीची नजर काही वर होईना.

घरी जाताना ती म्हणाली, "बाबा, तुम्ही 'हो, मीच केले' असं का म्हणालात?"

"तुझा चेहरा बघितला ना मी. मग दुसरं काय म्हणणार?"

त्यावर ती रस्त्यातच रडू लागली. बाबांनी तिला गप्प केले नाही, नुसते शेजारी थांबले.

मित्रांनो, आवडत्या गोष्टीपायी तुम्ही काही घडवाल, तेव्हा ते ओबडधोबड होईल आणि लोक हसतीलही. हसू द्या. पण ते आपले नाही असे म्हणू नका. नाहीतर ते ओझे तुमच्या जागी दुसरे कोणीतरी आपल्या खांद्यांवर घेते, आणि ते त्याच्या मापाचे नसते.