पहिला नंबर मेव्हिसचा

आमच्या घरात काही अवघड निघालं की सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळतात. बोटीवरही तेच झालं. पिंजऱ्यात आधी कोण उतरणार, असं कप्तानाने विचारलं, तर माझा नवरा ॲम्ब्रोज हसत म्हणाला, "मेव्हिस! शी इज द स्ट्राँग वन."

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलीने, जेनेलने, ही शार्क बघायची ट्रिप बुक केली होती. सतरा सालचा सप्टेंबर. मला खरं तर दोन दिवस नुसतं गादीवर पडायचं होतं. नॉर्थ यॉर्कच्या एका म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये सलग सहा नाइट शिफ्ट करून मी हॅलिफॅक्सच्या विमानात बसले होते. त्यात विमानतळावरच ॲम्ब्रोजने हळूच विषय काढला. लंडनला, म्हणजे इंग्लंडच्या नव्हे, आमच्या कॅनडातल्या दोन तासांवरच्या लंडनला, माझी नणंद क्लॅरिसा राहते. तिला आता मम्मीचं करणं जमत नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, तर ऑक्टोबरपासून त्या आमच्याकडे. संध्याकाळी क्लॅरिसाचा फोन येणार होता, मी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. सासऱ्यांचंही शेवटचं वर्षभर सगळं मीच केलं. तेव्हाही मी स्ट्राँगच होते.

तो रबरी सूट अंगात चढवतानाच मला घाम फुटला. एका माणसाने माशांच्या तुकड्यांची अख्खी बादली समुद्रात ओतली. चांगले बांगडे होते, माझा जीव हळहळला. मग गळ्यातला क्रूस काढला, श्वासाची नळी तोंडात धरली आणि बोटीला बांधलेल्या पिंजऱ्यात उतरले.

खाली काय शांत होतं! कुणी बेल दाबत नव्हतं, कुणी हाका मारत नव्हतं. मग तो आला. निळा, माझ्याहून लांब. गजांना नाक घासून गेला, वळला, परत आला. त्याचा डोळा माझ्यापासून हातभर. आता छाती धडधडेल, पाय लटपटतील, म्हणून मी वाट पाहिली. छे! उलट वाटलं, गजांना डोकं टेकून एक डुलकी काढावी. तेव्हा मला मागच्या आठवड्यातली एक गोष्ट आठवली, कुणालाच न सांगितलेली. घाबरले ती तेव्हा.

वर आले तर टाळ्या.

"मॉम, यू आर सो ब्रेव्ह!" जेनेल ओरडली.

"बघ, तू कशालाच घाबरत नाहीस," ॲम्ब्रोज म्हणाला. "मम्मी म्हणजे तुला काहीच नाही. क्लॅरिसाला कन्फर्म करू ना?"

"नको."

"का? व्हॉट हॅपन्ड?"

थंडीने माझे दात वाजत होते. तरी बोलले.

"शार्क हातभर अंतरावर आला आणि मला झोप आली, ॲम्ब्रोज. मागच्या आठवड्यात ड्यूटीवर एक आजोबा माझ्यासमोर पडले. मी ऐकलं, बघितलं, आणि हातातल्या चादरीची घडी पुरी केली. नीट, चारी कोपरे जुळवून. मग त्यांच्याकडे गेले. ही स्ट्राँग बाई नाही रे. हिच्या हातात तू आपली आई देतोस?"

जेनेलने माझ्या खांद्यांवर टॉवेल टाकला. मी बाकावर आडवी झाले, आणि बंदर येईपर्यंत मला कुणी उठवलं नाही.