त्रेपन्नावा दरवाजा

मित्रांनो, औरंगाबाद हे बावन्न दरवाज्यांचं शहर. त्यांच्यापुढं भले भले सरदार थांबले. पण ज्याच्यापुढं अजूनही सगळेच थांबतात, कलेक्टरसुद्धा, असा दरवाजा एकच. तो त्रेपन्नावा, आणि तो मी. मी एक जुनं रेल्वे फाटक आहे. म्हणजे खरं सांगायचं तर लाल-पांढरे पट्टे मारलेला एक लांब सागवानी वासा. माझ्यावर कावळे बसतात.

निजामाच्या अमलात मला घडवलं. पोलीस अ‍ॅक्शननंतर राज्य बदललं, रेल्वेचा मालक बदलला; माझे पट्टे तेच राहिले. मनमाडकडून गाडी यायची वेळ झाली की गेटमन सांडू हँडल फिरवायचा आणि मी खाली यायचो. मग थांबलेली माणसं वाचत बसायचं, हा माझा छंद. टांग्यातला वकील घड्याळ बघतो. गंगापूरचा शेतकरी तंबाखू मळतो. सायकलवाला घाईघाईनं माझ्याखालून वाकून पलीकडे जातो आणि तिथं उभा राहून गाडी बघतो. घाई कसली होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझा आणखी एक उपयोग शाळेत शिकवत नाहीत. शहरात कुणीही उशिरा पोचला की "फाटक लागलं होतं" म्हणतो. ज्यांच्या वाटेत मी येतच नाही, तेही म्हणतात.

दत्तोपंतही तेच सांगायचे. ते औरंगपुऱ्यातल्या एका कचेरीत कारकून. दहाला पाच कमी असताना त्यांची सायकल यायची, तेव्हा मी चांगला वर उभा असायचो. पण नेमकी त्याच वेळी भागूबाईची पेरूंची हातगाडी रुळापाशी अडकलेली असायची. तिथं दगड खचून एक खड्डा पडलाय, त्यात तिचं चाक बसायचं. मागचे लोक घंटी वाजवायचे. घंटी वाजवली की चाक निघतं, असा आमच्या शहराचा विश्वास आहे. एकटे दत्तोपंत उतरायचे, धोतर खोचून गाडी ढकलायचे, सांडलेले पेरू वेचायचे. कचेरीत मात्र हे सांगायची त्यांना लाज वाटायची. तिथं नाव माझंच.

शेवटी मेमो मिळाला. आणखी एकदा उशीर झाला की बदली, तीही थेट किनवटला. घरी त्यांची आई, यमुनाबाई, अंथरुणाला खिळलेली. तिला सोडूनही जाता येईना आणि नेताही येईना. शिवाय फाटक खरंच लागतं का, हे बघायला त्यांचे साहेब, आप्पासाहेब, स्वतः येणार होते. दत्तोपंतांनी हे सगळं सांडूला सांगितलं, आणि उद्यापासून आपण हातगाडीसाठी थांबणार नाही, हेही.

दुसऱ्या दिवशी चाक खड्ड्यात बसलं.

"दादा, आज तुम्ही जावा," सांडूकडून सगळं कळलेली भागूबाई म्हणाली. "लई अंगाशी येईल. माझं मी बघते."

दत्तोपंत दहा पावलं गेले, थांबले, सायकल लावली आणि परत आले.

तेवढ्यात शहराकडून आप्पासाहेबांचा टांगा दिसला. मी सताड वर, दत्तोपंत खाली वाकलेले. सांडूनं एकदा टांग्याकडं पाहिलं आणि हँडल फिरवलं. मित्रांनो, गाडीला अजून दोन तास होते. आयुष्यात मी खोटं बोललो ते तेवढंच. पण लोक गुमान थांबले. मी खाली आलो की गाडी येणार, यावर आमच्याकडं कुणी शंका घेत नाही.

आप्पासाहेबांना दिसलं ते असं: फाटक बंद, गाडी येणार, आणि आपला कारकून रुळावर. ते टांग्यातून उतरले, माझ्याखालून वाकले, टोपी पडली ती तशीच टाकून धावले आणि त्यांनी हातगाडीला असा रेटा दिला की चाक एका दमात सुटलं. मग तिघंही बाजूला धापा टाकत गाडीची वाट बघत राहिले. बराच वेळ.

"रोज हेच?" साहेबांनी विचारलं.

"खड्डा आहे, साहेब," दत्तोपंत खाली बघत म्हणाले. "चाक बसतं."

"आणि गाडी कुठं आहे?"

"निघाली आसंल मनमाडहून," सांडू म्हणाला.

भागूबाईनं पेरू चिरून, तिखटमीठ लावून साहेबांच्या हातात दिला. तो त्यांनी उभ्यानं खाल्ला आणि पुढं काही विचारलं नाही. त्या दिवशी कचेरीत दोघंही उशिरा पोचले. हजेरीपुस्तकात साहेबांनी आपल्या हातानं कारण लिहिलं: फाटक बंद. किनवटचं नाव पुन्हा निघालं नाही.

आता माझा रंग उडालाय, मधोमध चीर गेलीय. इथं पूल होणार म्हणून तीनदा नारळ फुटला. मला जपून संग्रहालयात ठेवावं, असंही कुणी म्हणतं. दत्तोपंत केव्हाच निवृत्त झाले, पण दहाला पाच कमी असताना कमरेला पट्टा बांधून अजून येतात, कारण भागूबाई अजून येते. तेव्हा मित्रांनो, मला रंग नको, तेल नको, संग्रहालय तर नकोच. येताना कुणीतरी घमेलंभर मुरूम आणा, आणि तेवढा खड्डा बुजवा.