तीनशे बारा प्रती

इंग्लंडच्या समुद्रकाठच्या हॉल्डरबीत रेकॉर्डचं दुकान एकच, ग्लेनिस ओल्डरॉइडचं. त्या दुकानातलं गुपितही एकच, आणि ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गल्ल्याखाली एक काळी पेटी होती. सीडी विकली की तिच्या पाठीवरच्या रेघांवरून लाल दिवा फिरवायचा, पेटी 'पिक्' करायची, आणि दिवसभरात काय काय खपलं ते दुकान बंद झाल्यावर फोनच्या तारेने आपोआप लंडनला जायचं. देशभरच्या अशा पेट्यांचे आकडे जमवून दर रविवारी दुपारी रेडिओवर पहिली चाळीस गाणी जाहीर व्हायची. सगळ्याच दुकानांत पेटी नसे. जिथे असे त्या मालकाने ती असल्याचं कुणाला सांगायचं नाही, असं लिहून दिलेलं असे. ग्लेनिसने कुणाला सांगितलं नव्हतं. पण रेकॉर्ड कंपनीचा कॉलिन दर आठवड्याला गाडी घेऊन या एवढ्याशा गावात येतो आणि ग्लेनिसबाईंच्या तब्येतीची चौकशी करतो, तो काही समुद्राची हवा खायला नव्हे, एवढं गावाला कळत होतं.

सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात एका सोमवारी 'पॅरासोल'चं चौथं गाणं बाजारात आलं. पॅरासोल म्हणजे चार मुली. पोस्टरवर डावीकडून दुसरी, ती केरी क्लॅफम, ब्रेंडाची मुलगी. ब्रेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि ग्लेनिसची तीस वर्षांची मैत्रीण. केरीने पहिलं गाणं म्हटलं ते ग्लेनिसच्याच दुकानात, टबाएवढ्या खोक्यावर उभं राहून, वयाच्या पाचव्या वर्षी. तेव्हाही बेसूर नव्हती, असं ग्लेनिस सांगायची. पॅरासोलचं पहिलं गाणं अकराव्या नंबरावर गेलं, दुसरं सतराव्या, तिसरं चौतिसाव्या. पोरी शिडी चढत होत्या खऱ्या, पण उलटी.

दुकान उघडायच्या आधीच ब्रेंडा दारात उभी होती. अंगावर शाळेचा एप्रन तसाच.

"कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "काल केरीचा फोन होता. हे गाणं पहिल्या विसात आलं नाही तर कंपनी त्यांना सोडणार. करार संपला. बॅग भरून घरी."

"असं म्हणाले?"

"स्पष्ट म्हणाले. एकवीस नाही चालणार, वीस पाहिजे. पोरगी रडत नव्हती गं, म्हणून तर मला जास्त भीती वाटली."

ग्लेनिस म्हणाली, बघू या. दुसरं काय म्हणणार?

सोमवारी दिवसभरात तीस प्रती गेल्या. शाळा सुटल्यावर मुली घोळक्याने आल्या, दोन आल्या तर एक घेतली, तिघी आल्या तर भांडून दोन घेतल्या. हॉल्डरबीत पहिल्या नंबरचं गाणंसुद्धा आठवडाभरात चाळीसच्या वर जात नसे, तेव्हा एका दिवसात तीस म्हणजे सोनंच. ग्लेनिस खूश होती. ब्रेंडा नव्हती.

"तीस?" ती म्हणाली. "तीस तर माझ्या नात्यातच आहेत."

मंगळवारी दुपारी चारला ती आली ती यादी घेऊनच. शाळेतल्या स्वयंपाकिणी, बिंगोच्या बायका, माशांच्या कारखान्यातली दुसरी पाळी, चॅपलमधली म्हातारी मंडळी. नावापुढे पैसे पोचल्याची खूण. साठ नावं होती. त्यांत म्हाताऱ्या ॲग्नेसचंही नाव होतं, जिच्या घरी सीडी वाजवायचं यंत्रच नव्हतं. "मला ऐकायची नाहीये," ती ब्रेंडाला म्हणाली होती, "मोजायला घेतेय."

"साठ दे," ब्रेंडा म्हणाली.

"अगं, एका माणसाला तीनच प्रती. नियम आहे. त्यांना एकेक करून पाठव ना."

"ॲग्नेसला पाठवू? काठी टेकत टेकडी चढून? त्यांचे पैसे आहेत, त्यांची नावं आहेत. मी फक्त उचलून नेतेय. यात फसवणूक कुठे आली?"

फसवणूक नव्हतीच. साठ माणसांच्या साठ प्रती. ग्लेनिसने खोकं फोडलं आणि लाल दिवा फिरवायला सुरुवात केली. पिक्, पिक्, पिक्. मधे एकदा तिचा हात थांबला होता, हे तिला पुढे बरेच दिवस आठवायचं. पण समोर ब्रेंडा उभी होती, दिवसभर बटाटे सोलून बोटं पांढरी पडलेली, ओठांनी आकडे मोजत. तीस वर्षांच्या मैत्रीपुढे नियमाची पुस्तकं कोण उघडतं? ग्लेनिसने साठही मोजून दिल्या. बुधवारी ब्रेंडाने सत्तर नेल्या. त्याच दिवशी कॉलिनने फोनवरून आतली बातमी दिली, की आठवड्याच्या मध्याला पॅरासोल चौदावर आहे.

"चौदा!" ब्रेंडा म्हणाली, आणि दुकानातल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाला, ते ऑपेरा शोधत असताना, मिठी मारली.

गुरुवारी सकाळी लंडनहून फोन आला. आकडे जमवणाऱ्या ऑफिसातला कुणी तरुण होता, बोलायला अगदी मऊ.

"ग्लेनिसबाई, मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी एकाच गाण्याच्या साठ प्रती. अकरा मिनिटांत. बुधवारी सत्तर, नऊ मिनिटांत. काय झालं होतं?"

पेटी नुसती मोजत नाही, घड्याळही बघते, हे ग्लेनिसला माहीत होतं. विसरली मात्र होती.

"त्यांतली एक मुलगी आमच्या गावची आहे," ती म्हणाली.

"असं होय. मग ती दुकानात आली होती का? सह्या द्यायला वगैरे? तसं असेल तर गर्दी समजू शकतो आम्ही."

त्याने दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण उद्या त्यांनी चौकशी केली, केरी त्या दिवशी लंडनला होती असं निघालं, तर पेटी जाणार; पेटी गेली की कॉलिन तब्येत विचारायला येणार नाही, आणि कॉलिन नाही तर स्वस्तातला मालही नाही. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं. प्रामाणिकपणा म्हणावा तर त्यात निम्मी भीती होती.

"नाही आली," ती म्हणाली. "एका बाईने गावातल्यांच्या वतीने नेल्या. यादी होती."

"बाई, नियम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"ठीक आहे. बघतो."

ब्रेंडाला तिने यातलं काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, सगळंच काही काढून टाकणार नाहीत, जास्तीचं तेवढं काढतील. शुक्रवारी आणि शनिवारी लोक येत राहिले. कसाई आला, पोस्टमन आला, एक तर बायकोला आणि मेहुणीला न सांगता आला आणि दोघींसाठी घेऊन गेला. आठवड्याअखेर आकडा तीनशे बारा झाला. हॉल्डरबीत कुठल्याच गाण्याच्या एवढ्या प्रती कधी गेल्या नव्हत्या, आणि पुढेही गेल्या नाहीत.

शनिवारी दुकान बंद करताना पुन्हा फोन वाजला. तोच मऊ आवाज. संशय आला तर त्या दुकानातला त्या गाण्याचा अख्ख्या आठवड्याचा आकडा बाजूला ठेवायचा, अशी पद्धत आहे, तो म्हणाला. जास्तीचा नव्हे, अख्खा. या वेळेस ताकीद, पेटी राहील.

"सोमवारी शाळेतल्या मुलींनी तीस घेतल्या," ग्लेनिस म्हणाली. "त्या तरी धरा. त्या अगदी एकेक घेतल्यात हो."

"निवडता येत नाही, बाई. सॉरी."

रविवारी ब्रेंडाच्या घरी वीसेक माणसं जमली. हॅमची सँडविचेस, ट्रायफलचं पुडिंग, आणि चहा किती झाला त्याला गणती नाही. रेडिओ खिडकीत. ग्लेनिस दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती, सँडविच हातात तसंच धरून. न जाऊन कसं चालेल म्हणून आली, आणि आल्यापासून का आले असं तिला होत होतं. चाळीसपासून गाणी खाली येऊ लागली. तिसांत पॅरासोल नाही, म्हणून सगळे खूश. पंचविसातही नाही. ब्रेंडाने ट्रायफलचा चमचा ठेवून दिला. मग निवेदकाने आनंदाने सांगितलं: या आठवड्यातलं नवीन गाणं, एकविसाव्या नंबरावर, पॅरासोल.

खोलीत टाळ्या पडल्या. चौतीसवरून एकवीस! कसायाने शिट्टी मारली. अट दोघींनाच माहीत होती. टाळ्या थांबेपर्यंत ब्रेंडाही टाळ्या वाजवत होती, आणि ग्लेनिसकडे बघत होती. ग्लेनिसला त्या नजरेला नजर देता आली नाही. ती चहा आणायला उठली.

तीन आठवड्यांनी कंपनीने चौघींना निरोप दिला. केरी एक सुटकेस घेऊन गावी आली आणि आठवड्याभरात हाय स्ट्रीटवरच्या चपलांच्या दुकानात कामाला लागली. गाव तिच्याशी चांगलंच वागत होतं. तीच गावाशी नीट बोलत नव्हती. कुणी "तुझी सीडी घेतली बरं का," म्हटलं की थँक्यू म्हणायची आणि बूट दाखवायची.

एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती ग्लेनिसच्या दुकानात आली. दुकान रिकामं होतं.

"ग्लेनिस मावशी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"आमच्या सीडी इथे कुणी घेतल्याच नाहीत ना?"

ग्लेनिसने हातातली सीडी खाली ठेवली.

"आई म्हणते तीनशे घेतल्या. मला माहितीये आई मला बरं वाटावं म्हणून काय काय बोलते ते. निरोप दिला त्या दिवशी कंपनीच्या माणसाने आम्हाला कागद दाखवला, कुठल्या गावात किती. लीड्स इतक्या, हल इतक्या. हॉल्डरबी शून्य. बाकीच्या तिघी काही बोलल्या नाहीत. गाडीत एक म्हणाली, तुझ्या आईने तरी घ्यायची होती. हसल्या सगळ्या. मीपण हसले. लोक मला रस्त्यात सांगतात घेतली घेतली, आणि मी मनात म्हणते, खोटारड्यांनो."

गप्प राहणं सोपं होतं. गप्प राहिलं तर ग्लेनिसचं कुणी काही काढणार नव्हतं. पण समोर ही पोरगी महिनाभर अख्ख्या गावाला खोटं ठरवून चपला विकत होती. ग्लेनिसने खणातून विक्रीची वही काढली आणि तो आठवडा उघडून तिच्यासमोर ठेवला.

"तीनशे बारा," ती म्हणाली. "ॲग्नेसकडे यंत्र नाही, तिनेसुद्धा घेतली." आणि मग सगळंच सांगितलं. यादी, साठ, सत्तर, फोन, घड्याळ. "एकेकाला पाठव, हे मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. पेटीपुढे मी बसते, तुझी आई नाही. चूक माझी आहे, केरी."

केरी वही वाचत होती. सोमवारच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"या तीस? या मुलींनी घेतल्या?"

"हो. एकेक."

"आम्ही सव्वीसने राहिलो," केरी म्हणाली. "विसावं गाणं आणि आम्ही, यांत सव्वीस प्रती. त्याच कागदावर होतं."

दोघींनाही हे गणित पाटीवर मांडायची गरज नव्हती. ब्रेंडा त्या आठवड्यात घरी पाय पसरून बसली असती तरी झालं असतं.

"आईला माहितीये?"

"नाही. माझी हिंमत झाली नाही."

तेवढ्यात दार वाजलं आणि ब्रेंडाच आत आली, मुलीसाठी डब्यात खिमा भरलेली पेस्ट्री घेऊन. ती आली की आधी बोलते, मग बघते.

"इथे आहेस होय. चपलांच्या दुकानात गेले तर म्हणे बाहेर गेली. खा, गरम आहे." मग तिला उघडी वही दिसली, आणि कुठला आठवडा तेही. ती खुर्चीवर बसली. "बघू नका गं ते. मला झोप लागत नाही त्याने. मरीन स्ट्रीटला मी गेलेच नाही, केरी. यादी तयार होती. शुक्रवारी गुडघा इतका दुखत होता, म्हटलं उद्या जाऊ, आणि शनिवारी पाऊलच उचलेना. किती घरं असतील तिथे?"

ग्लेनिसने तोंड उघडलं. आता बोलायचं होतं, आणि बोलायचं तिने ठरवलंही होतं. केरीने वही मिटली आणि तिच्या हातात दिली.

"तीसेक असतील," केरी म्हणाली.

"म्हणजे झालं असतं."

"झालं असतं, आई. पण गुडघा दुखत होता ना तुझा. दुखऱ्या गुडघ्याने कुणी दारोदार जातं का?"

"नाही जात," ब्रेंडा म्हणाली, आणि डोळे पुसले. "तुला राग नाही ना आला?"

"नाही." केरीने डब्याचं झाकण काढलं, पेस्ट्री मोडली आणि निम्मी आईच्या हातावर ठेवली. "मरीन स्ट्रीटवर माणसं चिकट आहेत तशीही. घेतली नसती त्यांनी."

ब्रेंडा हसली, महिन्याभरात पहिल्यांदा. ग्लेनिस वही छातीशी धरून उभी होती. आपण जे ओझं उचलायला हवं होतं ते या बावीस वर्षांच्या पोरीने उचललं, आणि उचलताना आवाजसुद्धा केला नाही, याची तिला लाज वाटली. केरीने घड्याळ पाहिलं, सुट्टी संपली होती, आणि ती चपलांच्या दुकानाकडे परत गेली.